नावातला रंग : वसमत ते ग्रॅनाडा

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ठिकठिकाणी शिजवलेली हळद उन्हात वाळत पडलेली दिसते. ढोलात घासून स्वच्छ केलेली कांडी आणि बंडा वेगवेगळ्या पोत्यांत भरले जातात आणि वसमत व हिंगोलीच्या बाजारात लिलावाला येतात. गावाचे नाव कोणी ‘वसमत’ लिहितो, कोणी ‘बसमत’. व्यवहार अडत नाही. ‘वसमत हळद’ या नावाला तर आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

मुळात ‘हळद’ हे नावच रंगाचे आहे. संस्कृत ‘हरिद्रा’पासून ते आले आणि त्याच्या मुळाशी असलेला ‘हरि’ शब्द पिवळसर रंग सांगतो. त्यामुळे ‘पिवळी हळद’ म्हणताना रंग दोनदा उच्चारला जातो, पण कोणाच्याही कानाला ते खटकत नाही. वसमतच्या हळद संशोधन केंद्राच्या अधिकृत नावात ‘हरिद्रा’ लिहून कंसात ‘हळद’ दिली आहे. एकाच शब्दाची जुनी आणि नवी रूपे तिथे शेजारी बसली आहेत.

रंगावरून पडलेले असेच एक जगप्रसिद्ध नाव स्पेनमधील ग्रॅनाडा शहरात आहे. तेथील टेकडीवरचा ‘अल्हंब्रा’ राजवाडा मुस्लिम राजवटीतील नासरी घराण्याने १२३८ पासून उभारला. १४९२ मध्ये तो स्पेनच्या ख्रिस्ती राजसत्तेकडे गेला आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा ठरला. अरबीत ‘अल्-हमरा’ म्हणजे ‘लाल ती’. पूर्ण नावात याआधी ‘कलआ’ हा शब्द होता, आणि आपला ‘किल्ला’ त्याच शब्दाचा भाऊ. थोडक्यात, अल्हंब्रा म्हणजे लाल किल्ला. हे नाव राजवाड्याहूनही जुने आहे. टेकडीवरच्या आधीच्या गढीला ते नवव्या शतकातच लाभले होते. तांबड्या मातीच्या भिंतींवरून ते पडले असे बहुधा मानले जाते.

‘हमरा’चे ‘हंब्रा’ कसे झाले, हे मराठी माणसाला सहज उमगावे. ‘म’नंतर ‘र’ आला की जीभ मध्ये ‘ब’ची पायरी घेते. ‘आम्र’चा आंबा आणि ‘ताम्र’चे तांबे याच वाटेने झाले. आपला ‘तांबडा’ही ‘ताम्र’पासूनच आला. लाल रंगाचे दोन शब्द, एक अरबी आणि एक संस्कृत, शेकडो कोसांच्या अंतरावर एकाच पायरीवरून उतरले.

नावाच्या आरंभीचा ‘अल्’ हा अरबीतील निश्चितदर्शक शब्द आहे. स्पॅनिश आणि इंग्रजी भाषा त्यापुढे पुन्हा आपापला तसाच शब्द जोडतात. आपणही ‘सिंधू नदी’ म्हणतो, ‘सिंधू’चा अर्थच नदी असला तरी. ‘बिलकुल’ या रोजच्या शब्दात तोच ‘अल्’ दडलेला आहे, हे बोलणाऱ्याला ठाऊकही नसते. शब्दार्थ झिजतो आणि वापर टिकतो.

जैन शास्त्रकारांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. गुण असो वा नसो, व्यवहारासाठी दिलेली संज्ञा म्हणजे नामनिक्षेप. वस्तू त्या अर्थाने प्रत्यक्ष वर्तमान असणे म्हणजे भावनिक्षेप.

व्यापाऱ्याची कसोटी या दोहोंमधल्या अंतरातच लागते. हळदीचा खरा पिवळेपणा कुर्क्युमिनचा. परंतु फिक्या मालाला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेटसारखा विषारी रंग चोळण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. अशा पोत्यात शब्दार्थाने पाहिले तर ‘हरिद्रा’ अधिकच सार्थ होते, कारण माल अधिक पिवळा दिसतो! खोटी ठरते ती मात्र वापरातून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासातून त्या नावाला आलेली पत. मानांकनाचा कायदा दुसऱ्या प्रदेशातील माल ‘वसमत’ नावाने विकण्यास मनाई करू शकतो. पण प्रत्येक पोत्याचे तोंड उघडून पाहणे त्याला शक्य नाही. ते काम आडतीवर बसणाऱ्याचे आहे.

अल्हंब्राच्या भिंतींचा रंग आज पुष्कळ ठिकाणी फिका पडलेला दिसतो, म्हणून कोणी त्याचे नाव बदलत नाही. दगडमातीच्या वास्तूला ही सवलत आहे. मालाच्या नावाला ती नाही. ते प्रत्येक हंगामात नव्याने खरे करावे लागते.