साठ वर्षांचा पिक्चर आणि आमची तिसरी-चौथी



मागच्या महिन्यात एका पालकांनी मला शाळेच्या व्हरांड्यातच गाठलं. "मॅडम, पोरगी म्हणती शाळेत पिक्चर दाखवला. त्यो पण इंग्रजी, तीन शनिवार. आम्ही काय पिक्चर बघायला पाठवतो का शाळेत?" बोलण्यात राग नव्हता, पण प्रश्न खरा होता. मी 'आनंददायी शनिवार'चा दाखला देऊन दोन वाक्यांत वेळ मारून नेली. घरी येताना गाडीवर वाटलं, हे उत्तर मलाच पटलेलं नाही. म्हणून हा लेख.

पिक्चर होता 'द साउंड ऑफ म्युझिक'. साल १९६५, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, लांबी १७४ मिनिटं. मी तो पहिल्यांदा पाहिला डी.एड.ला असताना. आमच्या संगीताच्या सरांनी सीडी आणली होती आणि हॉलमधल्या एका कॉम्प्युटरवर आम्ही तीसेक जणी दाटीवाटीने बसलो होतो. निम्म्या जणी मध्यंतराआधीच पेंगल्या. मी जागी राहिले त्याचं कारण कला वगैरे नाही. गोष्ट ओळखीची वाटत होती. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला 'परिचय' आठवत होता. गुलजारांचा हा सिनेमा १९७२ चा. मूळ बंगाली कादंबरीचं, पण 'साउंड ऑफ म्युझिक'ची छाया स्पष्ट दिसते. तिकडे मास्तरीण येते, इकडे जितेंद्र मास्तर होऊन येतो. तिकडे कडक बाप, इकडे प्राणचे कडक आजोबा. मुलं दोन्हीकडे सारखीच: आलेल्या प्रत्येक शिक्षकाला पळवून लावण्यात पटाईत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग शहर, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा काळ. नौदलातून निवृत्त झालेला कॅप्टन, बायको वारलेली, सात मुलं. त्यांना सांभाळायला मठातून मारिया नावाची एक तरुणी येते. तिला मठाचे नियम काही पाळता येत नाहीत, गाणं मात्र येतं. बाकी तुम्ही बघा.

आता आमच्या शाळेचं सांगते. वाडीवरची द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी, पट २३. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. पहिल्या शनिवारी मी हातात रिमोट घेऊन दर दोन मिनिटांनी पिक्चर थांबवत होते आणि मराठीत सांगत होते, "आता ती म्हणतेय की..." चौथ्या-पाचव्या वेळी तिसरीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, नका सांगू, कळतंय!" मी गप्प बसले. आणि खरंच त्यांना कळत होतं.

शिट्टीचा प्रसंग आला. कॅप्टन मुलांना हाक मारत नाही, शिट्टी वाजवतो. प्रत्येक मुलासाठी शिट्टीचा वेगळा इशारा. मुलं गणवेश घालून जिन्यावरून रांगेत उतरतात, एक पाऊल पुढे टाकून आपलं नाव सांगतात आणि मागे सरकतात. वर्गात एकदम खसखस पिकली. मला आधी कळेना. मग लक्षात आलं की २३ मुलं टीव्हीकडे नव्हे, माझ्या गळ्याकडे बघतायत. परिपाठाला रांगा लावायची माझी लाल शिट्टी तिथेच लटकत होती. पुढच्याच मिनिटाला पडद्यावर मारिया कॅप्टनला ठणकावून सांगते की मी शिट्टीला ओ देणार नाही, शिट्ट्या जनावरांसाठी असतात. इंग्रजी न कळणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पण हसले, काय करणार? (शिट्टी मी अजून वापरते बरं का. पण मैदानावर. व्हरांड्यात वाजवायला हात जात नाही.)

शिक्षक म्हणून मला या सिनेमातला सगळ्यात आवडता भाग 'डो-रे-मी'चा. ही मुलं एकही गाणं न येणारी. त्यांच्या घरात आई गेल्यापासून गाणं बंद. मारिया त्यांना डोंगरावर नेते आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात करते. डो, रे, मी ही सात नावं आपल्या सा-रे-ग-म-सारखीच. मुलांना ती निरर्थक वाटणार, म्हणून प्रत्येक नावाला उच्चाराने जवळचा, रोजच्या वापरातला एकेक शब्द चिकटवलाय. 'ला'पाशी मात्र गीतकाराला चांगला शब्द सापडलेला दिसत नाही. तिथे त्याने 'आधीच्या सुरानंतर येतो तो' अशा अर्थाचं काहीतरी लिहून पुढचा रस्ता धरला! मला ते फार आवडतं. आपण पण फळ्यासमोर कधीकधी असंच करतो.

नंतर ती सुरांचा क्रम उलटसुलट करून गाऊन घेते. मुलं म्हणतात, याचा काही अर्थच होत नाही. मग त्या सुरांवर शब्द बसवते. अक्षर, शब्द, वाक्य, त्याच वाटेने. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' आणि 'सोप्याकडून अवघडाकडे' ही अध्यापन सूत्रं आम्ही डी.एड.च्या पेपरात पाठ करून लिहिली होती. इथे ती गाण्यात चालताना दिसली. शिवाय गाणं सुरू होतं डोंगरावर आणि संपतं शहरातल्या मिराबेल बागेच्या पायऱ्यांवर. म्हणजे शिकायला किती दिवस लागले तेही न सांगता दाखवलं. ही सुरांची नावं तरी कुठून आली, असं शोधलं तर अकराव्या शतकातल्या ग्विदो नावाच्या इटालियन साधूपर्यंत जाता येतं. गाणाऱ्या मुलांना स्वर लक्षात राहावेत म्हणून त्याने एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या सुरुवातीची अक्षरं घेतली. 'डो'च्या जागी तेव्हा 'उत' होतं. थोडक्यात, हजार वर्षांपूर्वीही एक शिक्षक 'पोरांच्या लक्षात कसं राहील' याच काळजीत होता.

हे जुने कौटुंबिक संगीतपट अजून का चालतात, यावर मी बरीच वर्षं 'गाणी गोड आहेत' एवढंच म्हणायचे. आता तसं वाटत नाही. गोड गाण्यांचे किती सिनेमे विसरले गेले. इथे गाणं आलं की गोष्ट थांबत नाही, गाण्यातच पुढे सरकते. कॅप्टन मारियाला नोकरीवरून काढून टाकतो, आणि तेवढ्यात आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतो. आपली मुलं गातात हे त्याला माहीतच नव्हतं. तो दारात उभा राहतो, मग स्वतःच गायला लागतो. तो बदलला हे कुणाला संवादातून सांगावं लागत नाही. म्हणूनच आमच्या पोरांना इंग्रजी लागलं नसावं. (प्लमरसाठी गायलाय मात्र बिल ली नावाचा गायक, आपल्या पार्श्वगायनासारखंच. आणि या प्लमरसाहेबांना हा सिनेमा कितीतरी वर्षं आवडत नव्हता, फार गोडमिट्ट वाटायचा. मारिया झालेल्या ज्युली अँड्र्यूजने आदल्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स'मध्ये अशीच मुलं सांभाळणारी बाई केली होती आणि त्यासाठी ऑस्कर घेतलं होतं. तिला ती सवयच झाली असणार!)

दुसऱ्या शनिवारी वादळाचा प्रसंग आला. रात्र, विजा कडाडतात, आणि सातही मुलं एकेक करत मारियाच्या खोलीत धावत येतात. लहान आधी, मोठी मुलं 'आम्ही घाबरलो नाही' असा आव आणत नंतर. मारिया त्यांना सांगते की भीती वाटली की मी माझ्या आवडत्या गोष्टी आठवते, आणि गाण्यातून त्यांची यादीच करते. गंमत म्हणजे १९५९ च्या मूळ नाटकात हे गाणं वादळात नव्हतंच. तिथे मारिया ते मठाच्या प्रमुख बाईंबरोबर म्हणते आणि वादळात वेगळंच गाणं आहे. सिनेमा करताना ते इथे आणलं. किती योग्य केलं!

आणि इथेच माझी चूक माझ्या लक्षात आली. माझ्या चौथीत एक मुलगा आहे, त्याची आई मागच्या पावसाळ्यात गेली. आजीपाशी राहतो. पिक्चर निवडताना मी शिट्टीचा विचार केला, गाण्यांचा केला, लाईट कधी जाते त्याचा केला. आई नसलेल्या सात मुलांची गोष्ट मी त्याच्यासमोर ठेवतेय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो गुडघे छातीशी घेऊन बसला होता, डोळे टीव्हीवर. बंद करावं का? बंद केलं तर सगळे विचारणार का, आणि मग सगळे त्याच्याकडे बघणार. मी चालू ठेवलं. बरोबर केलं की नाही, अजून ठरवता येत नाही.

सोमवारी भाषेच्या तासाला मी उपक्रम घेतला: 'भीती वाटली की आठवायच्या माझ्या पाच गोष्टी'. अट एकच, विकत आणायच्या वस्तू नकोत. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी मोबाईल आणि चॉकलेट लिहून खोडलं. मग खरं यायला लागलं. वासराची जीभ. पाटाचं पहिलं पाणी. भाकरीचा पापुद्रा. "बापू दारू न पिता येतात ती संध्याकाळ." हे शेवटचं वाचून मी वही लगेच बंद केली, मोठ्याने वाचलं नाही.

त्या मुलाच्या यादीत तिसऱ्या नंबरला होतं, 'मिसरीचा वास'. शेजारच्याने वाचलं आणि वर्ग हसला. आमच्या गेटवर 'तंबाखूमुक्त शाळा' असा पिवळा बोर्ड आहे. दर महिन्याला मीच शपथ देते. मिसरी वाईट, हे याच मुलांकडून मी भित्तीपत्रकावर लिहून घेतलंय. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "आईच्या बोटाला यायचा. उठवायला आली की." वर्ग गप्प झाला. मी त्या ओळीला ना बरोबर केलं ना चूक. यादी इतरांच्या याद्यांबरोबर भिंतीवर लावली आहे.

तिसऱ्या शनिवारी शेवट. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळली, हे पोरांना समजावायला मी 'शेजारच्याने बांध कोरत कोरत अख्खं रान घेतलं' असं सांगितलं. ते त्यांना लगेच कळलं, बांधाची भांडणं प्रत्येकाच्या घरी आहेत. कॅप्टन घरावर लावलेला नाझी झेंडा फाडतो तेव्हा आमच्याकडे शिट्ट्या पडल्या. (शिट्टी माझी नव्हे.) शेवटी कुटुंब डोंगर चढून देश सोडतं. आणि मग तो प्रश्न आलाच, जो प्रत्येक गोष्टीनंतर येतो: "मॅडम, हे खरं हाय का?"

मी वाचून गेले होते. फॉन ट्रॅप कुटुंब खरं. ते १९३८ मध्ये देश सोडून गेले हेही खरं, पण डोंगर चढून नाही, आगगाडीत बसून, इटलीला. सगळ्यांचे चेहरे पडले. खरा कॅप्टन असा कडक नव्हता, त्याला स्वतःला संगीत आवडायचं, आणि सिनेमात त्याला असं दाखवलं म्हणून घरच्यांना वाईट वाटलं होतं. मारियाचं आणि त्याचं लग्न झालं १९२७ मध्ये, म्हणजे सिनेमात दाखवलंय त्याच्या कितीतरी आधी. पुढे आणखी तीन मुलं झाली, एकूण दहा. "धा?" असं दोघा-तिघांनी एकदम विचारलं.

घंटा झाली. सगळे पळाले. तो मुलगा मागे राहिला, सतरंजीचं एक टोक धरून. दुसरं मी धरलं.

"मॅडम, त्यांची पहिली आई कशानं गेली?"

सिनेमात त्या आईचा उल्लेख येतो, पण तिला काय झालं होतं ते कोणी सांगत नाही. २३ मुलांत हे त्या एकालाच खटकलं होतं. मी त्याला सांगितलं, १९२२ मध्ये, अंगावर लाल पुरळ येतं असा एक ताप असतो, त्यात. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. खरी मारिया त्या घरात आली तीही सातही मुलांना सांभाळायला नाही. एक मुलगी त्याच तापाने अशक्त झाली होती, तिला शाळेत चालत जाववत नव्हतं, म्हणून तिला घरी शिकवायला.

"मग ती मुलगी जगली?"

"जगली. म्हातारी होऊन गेली."

सतरंजीची घडी झाली. तो ती कपाटापाशी घेऊन गेला, आणि पाठमोराच म्हणाला, "म्हणजे कावीळ नव्हती."

"नाही," मी म्हटलं. "कावीळ नव्हती."

मग त्याने दप्तर घेतलं आणि निघाला. व्हरांड्यात गाठणाऱ्या त्या पालकांना मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. त्यांच्या मुलीच्या यादीत काय आहे ते मात्र त्यांनी एकदा भिंतीपाशी येऊन वाचावं, असं म्हटलंय. पुढच्या आठवड्यात येतो म्हणालेत.