काजळीचा कारागीर

जॉन अ‍ॅलन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण छोटी आगगाडी करून घरात चालवण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांच्यात हे नाव उस्तादांच्या पंगतीत घेतलं जातं. जन्म १९१३चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. पेशा छायाचित्रकाराचा. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे या गावी, घराच्या तळघरात त्यांनी एक अख्खी रेल्वे उभी केली. गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या; डोंगर मात्र जमिनीपासून थेट वर गेलेले. पाहणारा टेबलाशी नव्हे, दरीत उभा राही. जागा अपुरी पडली तिथे आरसे लावून त्यांनी रस्ते लांबवले. रेल्वेचं नाव ठेवलं 'गोरी अँड डिफीटेड'. स्पेलिंग असं वाकडंतिकडं केलेलं की वाचताना दोन गावांची नावं वाटावीत. उच्चारलं की अर्थ निघतो, 'रक्तबंबाळ आणि पराभूत'. माणूस मिश्कील होता.

माझी नि त्यांची गाठ पडली ती मुंबईच्या फोर्ट भागात, फुटपाथवरच्या जुन्या मासिकांच्या ढिगात. १९९० नंतरची गोष्ट. अ‍ॅलन जाऊन वीस वर्षं होत आली होती. त्या अंकात त्यांच्या शेडचा एक फोटो होता. इंजिनावर काजळी, डब्यांवर गंज, लाकडी फळ्यांचा रंग उडालेला. तोवर मी पाहिलेल्या खेळण्यातल्या गाड्या चकचकीत असत, मिठाईच्या डब्यासारख्या. नव्या गाडीला रंग फासून मळवायचं, हे त्या काळी अनेक हौशी लोकांना पटत नसे. अ‍ॅलन यांनी ते पटवून दिलं. गाडी धावते म्हणजे मळते, आणि मळलेली गाडीच खरी दिसते. छायाचित्रकाराची नजर होती, म्हणून त्यांना डागसुद्धा दिसत होते.

मला तो फोटो सोडवेना, त्याला कारण आमचं घर. अब्बा भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. ड्यूटीवरून आले की मोरीत आधी घासलेट, मग साबण. तरी नखांच्या कडा काळ्याच राहत. अम्मी त्यांच्या कपड्यांची वेगळी बादली ठेवी. शाळेत वडिलांचा धंदा सांगताना आम्ही भावंडं 'रेल्वेत' एवढंच म्हणत असू. इंजिनाची शान सगळ्यांना ठाऊक. त्याच्या पोटात शिरून राख काढणारा माणूस कुणाच्या चित्रात नसे.

अंक घेऊन मी भुसावळला गेलो. अब्बा निवृत्त झाले होते, वाफेची इंजिनंही शेडमधून गेली होती. चष्मा लावून त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं,

"कौनसा शेड है ये?"

"शेड नहीं अब्बा. नमुना है. इंजिन इत्ता-सा." मी वीतभर हात दाखवला.

"फिर ये काजल किसने लगाया?"

"उसीने. रंग से."

अब्बा आधी गप्प बसले, मग खो खो हसले. "हम जिनगीभर निकालते रहे, और ये बैठ के लगाता था!" पण अंक त्यांनी परत दिला नाही. कपाटात, पेन्शनच्या कागदांजवळ ठेवून दिला.

अ‍ॅलन यांची गाडी शोभेची नव्हती, हेही सांगायला हवं. मित्र जमत, कामं वाटून घेत, वेगाने धावणाऱ्या घड्याळाबरहुकूम मालगाड्या चालवत. कुठल्या कारखान्याचा कुठला डबा कुठे लावायचा, याची शिस्त असे. त्यांच्यात एक तेरा नंबरचं शंटिंग इंजिन होतं, म्हणजे चक्क प्लॅस्टिकचा एक डायनासोर, नाव एमा. एवढ्या खऱ्याखुऱ्या दुनियेत ही थट्टा मला खटकली होती. अब्बांना मात्र तोच सर्वांत पसंत पडला. "कोयला नहीं मांगता," म्हणाले.

६ जानेवारी १९७३ रोजी अ‍ॅलन हृदयविकाराने गेले. वय ५९. त्यानंतर जेमतेम दहा दिवसांत त्यांच्या घराला आग लागली आणि तळघरातली रेल्वे बहुतेक सगळी जळाली. डोंगर, पूल, गावं, वर्षानुवर्षं हातानं बसवलेला गंज, सारं. ज्या काजळीसाठी माणसानं एवढा जीव पाखडला, ती अशी खरोखरीची येऊन बसली. मित्रांनी ते घर कसं पाहिलं असेल, याची कल्पना करवत नाही.

उरले ते फोटो. ते त्यांनी स्वतः काढून ठेवले होते, मासिकांतून छापले होते. 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक लिन वेस्टकॉट यांनी त्यांवर पुस्तक लिहिलं. ते १९८१मध्ये आलं, तेव्हा वेस्टकॉटही हयात नव्हते. त्यांचं निधन १९८०चं.

आणखी एक गोष्ट आगीतून वाचली, कारण ती जळण्यासारखी नव्हती. अ‍ॅलन यांनी 'टाइमसेव्हर' नावाचं शंटिंगचं कोडं रचलं होतं. फळीभर जागा, पाच सांधे, थोडे डबे. कमीत कमी वेळात प्रत्येक डबा आपापल्या जागी लावायचा. नोव्हेंबर १९७२च्या अंकात ते छापून आलं, मृत्यूच्या दोन महिने आधी. आज जगभर लोक ते करून खेळतात.

माझ्या नातवाला मी ते पाटावर खडूनं आखून दिलं आहे. काडेपेट्यांचे डबे, खोडरबराचं इंजिन. परवा त्यानं पाचही काडेपेट्या जागच्या जागी लावल्या. इंजिन मात्र भलत्याच सायडिंगला अडकून बसलं.