पास्कलचा नियम व आमची फियाट

गेल्या वैशाखात आमची गाडी आमच्या सांगण्याबाहेर गेली. हे वाक्य आम्ही अलंकारिक अर्थाने लिहिलेले नाही. आमच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत जी उतरण आहे, तिच्या मध्यावर आम्ही ब्रेकवर पाय ठेवला, तो नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडला नाही. लोण्यात बोट जावे तसा थेट तळाला गेला, आणि गाडी आपल्या वेगाने पुढे चालत राहिली. मागच्या आसनावर आमची नऊ वर्षांची नात मांडीवर आंब्यांची करंडी घेऊन बसली होती. आम्ही हातब्रेक ओढला, गियर खाली आणला, आणि उरलेले काम रस्त्याच्या कडेच्या जांभ्या दगडांच्या गडग्याने केले. बंपर वाकला, आंबे सर्वत्र विखुरले. मनुष्यहानी झाली नाही. धुरळा खाली बसल्यावर नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही ब्रेक दाबला नव्हता का?"

हा प्रश्न आम्हांस जितका झोंबला, तितका त्या गडग्याचा धक्काही झोंबला नाही. कारण आम्ही रत्नागिरीच्या एका शाळेत पस्तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आम्ही इतक्या पिढ्यांना घोकायला लावला, की गावातील निम्मे डॉक्टर व वकील आजही आम्हांस पाहिले की मनातल्या मनात तो म्हणत असावेत. हा फ्रेंच पंडित 1662 साली वारला, तेव्हा त्याचे वय अवघे 39 वर्षांचे होते, हेही आम्ही सांगत असू. मुलांच्या लक्षात नियमापेक्षा तेच अधिक राही. नियमाचे उदाहरण म्हणून मोटारीचा ब्रेक ठरलेलाच. फळ्यावर डावीकडे पेडल, त्याला जोडलेला मास्टर सिलिंडर, उजवीकडे चाक, आणि या दोहोंना जोडणाऱ्या खडूच्या दोन समांतर रेघा. त्या रेघा म्हणजे नळी. खडूच्या रेघांना गंज चढत नाही, ही गोष्ट पस्तीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याने आमच्या नजरेस आणून दिली नाही, व आमच्याही ती ध्यानात आली नाही.

पूर्वीच्या मोटारींचे ब्रेक सळ्यांनी व तारांनी ओढले जात. चारही चाकांवर सारखा जोर बसवणे हे त्यात महाकठीण. एक चाक आधी धरले की गाडी एका बाजूस ओढली जाई. माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने 1917 साली तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले, आणि 1921 साली ड्यूसेनबर्ग या मोटारीला चारही चाकांना असले ब्रेक बसवले गेले. तेल पक्षपात करीत नाही. चौघांना सारखेच वाटते. मात्र या निःपक्षपाताची दुसरी बाजूही आहे. नळीचे जाळे कोठेही एका ठिकाणी फुटले, की तोच निःपक्षपात चारही चाकांना सारखेच उपाशी ठेवतो. पुढील काळातल्या मोटारींत म्हणूनच दोन स्वतंत्र मंडले करण्यात आली. एक गेले तरी दुसरे उरते. आमची फियाट 1971 सालची. तिच्यात मंडल एकच.

ही गाडी वडिलांनी घेतली तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे होतो. तिचा राखी रंग त्यांनी निवडला. गियरचा दांडा सुकाणूच्या चक्राजवळ असल्याने पुढच्या सलग आसनावर तिघे बसत, आणि मधली जागा आमची असे. मुंबईत टॅक्सीच्या काळ्यापिवळ्या वेषात हिच्याच वंशातल्या पद्मिनी वर्षानुवर्षे धावल्या. त्यांतली शेवटली 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. ते वाचताना आम्हांस अंमळ अभिमान वाटला होता, की आमची अजून आहे. अभिमानाचे असे असते, की तो मोटारीच्या वरच्या अंगालाच पॉलिश करतो.

गाडी ओढत घरी आणल्यावर शेजारचे अण्णा आले. हे एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. गोणपाट पसरून ते गाडीखाली सरकले, आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, "मास्तर, इकडे या. शाळा इथे भरली आहे."

आम्हीही सरकलो. मागच्या आसाच्या थोडे अलीकडे, गाडीच्या तळाला नळी चिमट्याने जेथे धरलेली असते, तेथे अण्णांनी विजेरीचा झोत टाकला. नळी काळी, तुळतुळीत दिसत होती. अण्णांनी तिच्यावर नखाने खरवडले. सापाची कात निघावी तसा काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला, आणि खाली दिसले ते लोखंड नव्हते. तपकिरी भुसा होता. त्यातून तेल झिरपून तळभर पसरले होते.

तो काळा रंग आमचा होता. दरवर्षी पावसापूर्वी गाडीच्या पोटाला डांबरी रोगण फासणे हा आमच्या घरचा कुळाचार. रत्नागिरीत वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि जो महिना पावसाचा नसतो तो खाऱ्या वाऱ्याचा असतो. तेव्हा गाडीची एवढी निगा राखणारा आपल्यासारखा दुसरा नाही, अशी आमची समजूत होती. परंतु चिमट्याच्या आत शिरलेल्या खाऱ्या ओलीला आम्ही रोगणाने बाहेर पडण्याची वाटच ठेवली नव्हती. वरून रंग देत गेलो, खालून नळी संपत गेली. भरीस भर म्हणून ब्रेकचे तेलही हवेतली ओल शोषून घेते. ते दोनएक वर्षांनी बदलावे असे म्हणतात. आम्ही ते शेवटी केव्हा बदलले, हे अण्णांनी विचारले तेव्हा आम्ही विषय बदलला.

एका दुरुस्तीवाल्याने सुचवले, की कुजलेला तुकडा कापावा, मध्ये रबरी नळी घालावी व दोन्हीकडे पट्ट्या आवळाव्या. तासाचे काम, खर्च नगण्य. आम्हांस क्षणभर मोह झाला हे कबूल करतो. पण जोरात ब्रेक मारला असता या नळीतला दाब टायरातल्या हवेच्या तीस पट व त्याहूनही अधिक होतो, हे गणित आम्ही स्वतः फळ्यावर सोडवलेले. पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर सांगितले, "बाबा, विकून टाका." सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून नात मात्र गाडीजवळून जाताना लांबून जाऊ लागली. विकायचीच झाली, तरी ती या स्थितीत दुसऱ्याच्या नातवंडांखाली कशी द्यायची, हा प्रश्न होताच.

शेवटी आम्ही ठरवले, की सर्व नळ्या काढून नव्या घालायच्या, आणि त्या आपल्या हातांनी. अण्णांनी एक अट घातली: "काम तुम्ही करा. पण मी हो म्हटल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही."

पहिल्याच दिवशी त्यांनी आमची अक्कल काढली. गाडी उचलून तिच्याखाली आम्ही अंगणातले जांभ्याचे चिरे रचले होते. अण्णांनी ते पायाने ढकलून दिले. "चिरा घराच्या भिंतीला. गाडीखाली केव्हा भुगा होईल सांगता येत नाही, आणि खाली तुमची छाती असणार." त्यांनी कोठून तरी लोखंडी घोड्या आणल्या.

जुनी नळी सोडवण्यात तीन दिवस गेले. सांध्यांवरच्या नटांनी पन्नास वर्षांत नळीशी असे लग्न लावले होते, की नट फिरवला की नळीही पिळवटून फिरे. साधा पाना लावला तर नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो. त्यासाठी नटाला जवळजवळ चहूबाजूंनी मिठी मारणारा, नळीपुरती फट ठेवलेला निराळा पाना मिळतो. सकाळ-संध्याकाळ तेल सोडायचे, हातोडीने हळूच टिचकी मारायची, आणि वाट पाहायची. ज्यांनी ऐकलेच नाही, त्यांची नळी कापून नटावर सरळ बंद पाना चढवला.

नव्या नळीसाठी आम्ही तांबे व निकेल यांचा मिश्रधातू पसंत केला. नव्वद भाग तांबे, दहा भाग निकेल, आणि थोडे लोह व मँगेनीज. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने 1976 पासून आपल्या मोटारींना याच धातूच्या नळ्या घातल्या; त्या देशात रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात, म्हणजे त्यांचे दुःख व आमचे दुःख एकाच चवीचे. नुसते तांबे अधिक मऊ व स्वस्त असते. परंतु हादऱ्यांनी ते ताठर होत जाते आणि एके दिवशी तडकते. मुंबईहून नळीचे वेटोळे आले. जाडी पावणेपाच मिलिमीटर, भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ. एवढ्याशा वस्तूवर आपण घरची माणसे बसवून घाट उतरतो, हे ती हाती घेईपर्यंत आमच्या कल्पनेत कधी आले नव्हते.

जुनी नळी नमुन्यासाठी शेजारी ठेवून, औषधाच्या बाटलीभोवती नवी वाकवण्याचे काम आम्हांस फार आवडले. अवघड भाग टोकांचा. टोक साच्यात धरून आधी फुगवायचे व मग आतल्या आत दुमडायचे, म्हणजे सांध्याच्या ठिकाणी धातूचा दुहेरी थर बसतो. एकेरी फुलवलेले टोक या दाबाखाली फाटू शकते. नळी काटकोनात कापली नसेल, आतली कड कानशीने साफ केली नसेल, तर फूल एका बाजूस कलते. आमची पहिली सहा फुले कलली. सातवे असे सुरेख उमलले, की आम्ही ते सौभाग्यवतींना दाखवायला स्वयंपाकघरात नेले. दुसरे टोकही तितकेच सुबक साधले. मग आम्ही नट शोधू लागलो. तो फडक्यावर शांतपणे पडला होता. नट आधी नळीत ओवायचा व मग टोक फुलवायचे, हा क्रम आम्ही विसरलो होतो. दोन्ही टोके फुललेल्या नळीत नट घालण्याचा उपाय पास्कललाही सापडला नसता. अण्णा हसले नाहीत. "सगळ्यांचे होते," एवढेच म्हणाले, आणि ते हसते तर बरे, असे आम्हांस वाटले.

आठव्या दिवशी नळ्या बसल्या. आता आतली हवा काढायची. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत एक बुडबुडा राहिला तरी पायाचा जोर त्यालाच चेपण्यात खर्च होतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक, म्हणजे आमच्या गाडीचे मागचे डावे, आधी घ्यायचे. सौभाग्यवती पेडलवर, आम्ही चाकाशी पाना घेऊन. आम्ही "दाबा" म्हणायचे, त्यांनी दाबून धरायचे. आम्ही निपल सैल करून पुन्हा आवळायचे, मगच "सोडा". चाळीस वर्षांच्या संसारात आमच्या आज्ञा इतक्या अक्षरशः कधी पाळल्या गेल्या नव्हत्या. निपलला जोडलेल्या पारदर्शक नळीचे टोक काचेच्या बरणीतल्या तेलात बुडवले होते. नात कधी येऊन उभी राहिली ते कळले नाही. हे तेल डोळ्यांस व त्वचेस वाईट, म्हणून आम्ही तिला चार हात लांब बसवले, आणि तिने तेथून बुडबुडे मोजायचे काम आपण होऊन घेतले. "आला! अजून एक आला, आजोबा!" त्या उत्साहात वरच्या टाकीतले तेल संपले, नळीत पुन्हा हवा शिरली, आणि सगळे पहिल्यापासून करावे लागले. घाईत ओतलेले तेल पुढच्या मडगार्डवरही सांडले. पाणी ओतेपर्यंत वडिलांनी निवडलेला राखी रंग तळहाताएवढा फुगून वर आला. तो डाग आम्ही तसाच ठेवला आहे.

मग अण्णांनी सौभाग्यवतींना अंगातला सारा जोर लावून पेडल दाबून धरायला सांगितले, आणि स्वतः कोरडे फडके घेऊन एकेका सांध्यावरून बोट फिरवीत गेले. पुढच्या उजव्या चाकाशी त्यांचे बोट थांबले. फडक्यावर तांदळाएवढा ओला ठिपका होता. आम्ही पाना पुढे केला. त्यांनी मान हलवली. आवळून बसवलेला सांधा आज धरतो आणि उद्या सोडतो. ते टोक कापले, नट आधी ओवला, पुन्हा फुलवले, पुन्हा हवा काढली. दुसऱ्या वेळी फडके कोरडे निघाले. गाडी प्रथम शाळेच्या सपाट मैदानावर माणसाच्या चालीने चालवली, थांबवली, पुन्हा चालवली. शंभरएक वेळा थांबवल्यावर अण्णांच्या तोंडून "हो" बाहेर पडले.

त्या रात्री आम्ही गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवली. सकाळी चहापूर्वी बाहेर येऊन पाहतो, तो नात विजेरी घेऊन आधीच पालथी पडलेली. मधोमध एक डाग होता. तिने बोट लावले, हुंगले, आणि उजेडात धरून म्हणाली, "काळे आहे. हे इंजिनाचे." चारही चाकांखालचे कागद तिने एकेक उचलून पाहिले, घडी घालून बाजूला ठेवले. मग फ्रॉकला हात पुसत मागचे दार उघडले व आपल्या जागेवर जाऊन बसली.

"आंबे कोणाकडे द्यायचे राहिले होते?" तिने विचारले.