साडेसोळा इंचांचं चाक

गाडी बघायला गेलो तेव्हा आधी डोळ्यांत भरलं ते तिचं स्टिअरिंग. तांबूस लाकडाची चकचकीत कड, मधे ॲल्युमिनियमचे तीन आरे, त्यांना ओळीनं गोल भोकं. ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यात, एका निवृत्त गृहस्थांच्या शेडमध्ये ती उभी होती. १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, तिथून फार लांब नसलेल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली. इंजिन ऐकलं, तळाचा गंज तपासला, पण मनानं सौदा आधीच पक्का केला होता. तो त्या लाकडी चाकानं केला होता.

घरी येईपर्यंत खांदे भरून आले. मोठ्या रस्त्यावर गाडी हलकी वाटायची, पण गावातल्या वळणांवर आणि पार्किंगमध्ये चाक हलता हलेना. शिवाय मी जरा ताठ बसलो, की कडेची वरची कमान नेमकी स्पीडोमीटरच्या आकड्यांवर यायची. पुढच्या रविवारी टेप लावून मोजलं. चाकाचा व्यास होता तेरा इंच. कारखान्यातून या गाडीला साडेसोळा इंचांचं चाक येत असे. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, सगळा जोर आपल्या दंडांचा. चाक जितकं लहान, तितका तो जोर जास्त लागतो. साडेसोळाला तेरानं भागलं की उत्तर येतं जवळजवळ सव्वा. म्हणजे प्रत्येक वळणाला मी सव्वापट ताकद लावत होतो.

तेव्हा मला सांगलीची आमची ॲम्बेसेडर आठवली. मी गाडी शिकलो ती तिच्यावर. बाबा शेजारी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, ‘गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग पिळू नकोस. आधी थोडी चालू दे, मग वळव.’ मोठं, बारीक कडेचं चाक आणि त्यावर घट्ट आवळलेल्या माझ्या दोन्ही मुठी. ॲम्बेसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. आमच्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. हे कळल्यावर ही लाल गाडी मला परकी राहिली नाही. बाबांचा सल्ला इथेही लागू पडला, पण चाक मात्र तिचं तिला परत हवं होतं.

मी त्या गृहस्थांना फोन केला. मूळ चाक त्यांनी फेकलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी काढून शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवलं होतं. पैसे न घेता त्यांनी ते माझ्या हातात दिलं. काळी प्लास्टिकची कड, तीन बाजूंना पोलादी तारांच्या जुड्या. तारा अजून सरळ होत्या, पण कडेला सात ठिकाणी तडे होते आणि हात लावला की तळव्याला काळं लागत होतं.

हे तडे का जातात, ते समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. कडेच्या पोटात पोलादाची कडी असते आणि तिच्यावर प्लास्टिक ओतलेलं असतं. वर्षानुवर्षं ऊन आणि थंडी खाऊन प्लास्टिक आकसतं. पोलाद तितकं आकसत नाही. मग प्लास्टिकला फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि ते बहुतेक वेळा जिथे आरा कडेला मिळतो तिथेच फाटतं.

पहिली दुरुस्ती माझी फसली. वरवर धूळ पुसून मी तड्यांत इपॉक्सी भरलं, घासलं, रंगवलं. हिवाळा आला आणि सातपैकी तीन तडे त्याच जागी पुन्हा उघडले. आत पोलादावर गंज होता, आणि गंजाला इपॉक्सी धरत नाही.

दुसऱ्यांदा घाई केली नाही. साबणाचं पाणी आणि टूथब्रश घेऊन सगळं चाक धुतलं, मग स्पिरिटनं पुसलं. प्रत्येक तडा त्रिकोणी कानशीनं इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात रुंद केला, थेट पोलाद दिसेपर्यंत. गंज खरवडून काढला. दोन भागांचं इपॉक्सी नीट कालवून, कडेच्या वर थोडं फुगेल इतकं भरलं आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही. मग कानस, मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी चारशेचा. मागच्या बाजूला बोटांसाठी असलेल्या खाचा गोल कानशीनं पुन्हा कोरल्या. त्यांत सबंध संध्याकाळ गेली, पण चाक धरल्यावर बोटं तिथेच विसावतात. प्रायमर मारला तसे बारीक छिद्रांचे ठिपके उघडे पडले. ते पुन्हा भरले, घासले. शेवटी अर्धवट चमक असलेला काळा रंग, पातळ थरांत.

बसवताना जिवाची काळजी आधी. या गाडीत सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांची जोडणी सोडली. पुढची चाकं सरळ केली, स्टिअरिंगचा दांडा आणि त्याचं चाक यांवर खूण केली. मधला नट सैल केला, पण दोन-तीन आटे राहू दिले. ते राहिले नाहीत तर चाक एकदम सुटून तोंडावर येतं. हातोडी न मारता चाक ओढून काढणारा पुलर लावला. लाकडी चाक ज्या बॉसवर, म्हणजे चाक दांड्याला जोडणाऱ्या मधल्या तुकड्यावर, बसवलं होतं तोही उतरला, आणि तेव्हा दिसलं की त्याचे दाते झिजले होते. म्हणजे इतके महिने मी ज्या चाकाच्या भरवशावर वळत होतो, ते किंचित हलत होतं.

लाकडाला मी नावं ठेवत नाही. १९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपला कारखान्यातूनच लाकडी कडेचं चाक होतं आणि तिथे तेच शोभतं. मोटो-लिटासारखे ब्रिटिश कारागीर आजही सुरेख लाकडी चाकं बनवतात. एमजीबीलाही पंधरा इंचांचं चांगलं चाक चालतं. फक्त कडेचे सांधे सुटलेले नसावेत, रिव्हेट हलत नसावेत, आणि बॉस त्याच मॉडेलचा असावा. तारा गंजून बारीक झाल्या असतील किंवा मधल्या भागाला चीर असेल, तर असं चाक भिंतीवरच ठेवावं. रंग लावून ते रस्त्यावर आणू नये.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाडीला दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही. म्हणून ती जबाबदारी आपल्यावर येते. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: चाक विकत घेण्याआधी सीटवर बसा, ते दोन्ही हातांत धरा, गाडी थोडी चालवून वळवून बघा. जुनं मूळ चाक कुणी फेकायला काढलं असेल, तर ते मागून घ्या. सात तडे भरायला मला तीन आठवडे लागले. त्यानंतर दोन हिवाळे गेले आहेत आणि एकही तडा उघडलेला नाही.