यादीखालची टीप

कर्नाटक सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत रमजान ईद ‘खुतुब-ए-रमझान’ या भारदस्त नावानं येते. यादी संपली की खाली बारीक अक्षरांत टीप: मुस्लिम सण छापील तारखेला आला नाही, तर मुस्लिम कर्मचाऱ्यांना तो पाळला जाईल त्या दिवशी सुट्टी मिळू शकते. सरकारी कागद एवढं नमतं घेताना मी क्वचितच पाहिलाय. जन्मतारखेतला एक आकडा चुकला तर पेन्शन अडवणारी यंत्रणा इथे निमूट कबूल करते, की चंद्र काही आमच्या हाताखाली नोकरीला नाही.

म्हैसूरच्या अशोका रोडवर एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी या टिपेचा अर्थ कळतो. मशीद-ए-आझमच्या आसपास समोसे तळणाऱ्याचा एक डोळा कढईवर, दुसरा मोबाइलवर. चंद्र दिसला की नाही, याचा चंद्र समितीचा निरोप आला की उद्याचा माल भरायचा की दुकान आवरून टिळकनगरच्या ईदगाहवर जायची तयारी करायची, ते ठरणार. (हो, ईदगाह टिळकनगरातच आहे. आपल्याकडच्या काहींना हे सांगितलं की दोनदा विचारतात.)

टीप ही छोटीशी मान्यता. मोठ्या मान्यतेचं काय होतं तेही या गावानं पाहिलंय. 2015 पासून टिपू जयंती सरकारी थाटात झाली. 2019 मध्ये सरकार बदललं आणि ती बंद झाली. 2025 च्या दसऱ्याचं उद्घाटन कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांनी करावं की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. व्यासपीठावरचा मान असा दर खेपेला नव्यानं भांडून घ्यावा लागतो. टिपेवरून कुणी मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून माझा भरवसा तिच्यावर जास्त.

गंमत अशी, की खुद्द टिपूच्या दफ्तरी कालगणनेत रमजान महिनाच नव्हता. त्यानं पैगंबरांच्या जन्मापासून वर्षं मोजली, महिन्यांना अहमदी, बहारी अशी नवी नावं दिली, पण सांगाडा ठेवला हिंदू पंचांगाचा, अधिक महिन्यासकट. सारावसुली पिकाच्या हंगामानं चालते, आणि रमजान तर दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मशिदीत रमजान, कचेरीत अहमदी-बहारी, असा त्याचा व्यवहारी हिशेब.

आजच्या कचेरीला मात्र सरकत्या रमजानमागे धावावं लागतं. 2000 साली ईद जानेवारीत आली आणि डिसेंबरात पुन्हा. 2033 मध्ये तोच योग आहे. त्या वर्षी यादी टाइप करणारा कारकून एकच सण दोनदा पाहून आधी साहेबांना विचारून येईल, आणि साहेब त्याला खालची टीप वाचायला सांगतील.