रुमाल टाकून धरलेली जागा

चिंचपोकळी स्टेशनच्या पश्चिमेला, साने गुरुजी मार्गावर, कस्तुरबा रुग्णालय आहे. पूर्वीचं ऑर्थर रोड हॉस्पिटल ते हेच. १८९६च्या प्लेगपासून कोविडपर्यंतचे रोगी या दारातून आत गेले, त्यामुळे जंतू म्हणजे वैरी हे आमच्या भागात कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि तरी इथल्या कुठल्याही मेडिकलवर अँटिबायोटिकच्या पाकिटाबरोबर एक इवलीशी प्लास्टिकची कुपी हातात पडते. मान पिरगाळून तोडायची. आत पाच मिली गढूळसर पाणी, आणि त्यात बॅसिलस क्लॉसाय नावाच्या जिवाणूचे दोनशे कोटी बीजाणू. गोळीने जंतू मारायचे आणि कुपीने जंतू पाजायचे, हे विसंगत वाटेल खरं. मला ते तसं वाटत नाही. जंतूशी लढायला निरुपद्रवी जंतू वापरता येतो, याला पुरावा आहे. माझी तक्रार एवढीच की पुरावा एका जिवाणूचा आणि खप भलत्याचाच, असं सर्रास चालतं.

यामागचं तत्त्व मुंबईकराला पटायला जड नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे आतड्यातले रहिवासी जिवाणू जागा आणि अन्न धरून बसलेले असतात; उपऱ्याला टेकायला मिळत नाही. अँटिबायोटिक सगळा डबाच रिकामा करतं, मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा गुंड पाय पसरून बसतो. त्याच्यामुळे होणारा जुलाब पुनःपुन्हा उलटणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीने आत सोडल्यावर १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. ऐकून नाक मुरडणं स्वाभाविक आहे, पण आकडा नाक मुरडण्यासारखा नाही.

आपल्याकडचा पुरावा तर याहून मोलाचा आहे. ओडिशातल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी घेतली. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक ठरावीक जात, सोबत तिला खाद्य म्हणून एक साखर, सात दिवस तोंडावाटे. नुसती पूड मिळालेल्या बाळांत जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्के होतं, औषध मिळालेल्यांत ५.४. सगळ्या उपचाराचा खर्च एका डॉलरच्या आसपास. २०१७मध्ये ‘नेचर’ने हा निबंध छापला. यातली मेख ‘ठरावीक जात’ या दोन शब्दांत आहे. अनेक जाती तपासून, बाळाच्या आतड्यात खरोखर टिकणारी जात आधी शोधली आणि मगच ती पाजली.

जिवाणूकडून काम करून घेण्याची दुसरी तऱ्हा समजायला चिंचपोकळीहून परळला जावं, चालत जाण्याएवढं अंतर. तिथल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी एका कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जिवाणू वाढवला. तो कुष्ठरोगाचा जंतू नव्हे, त्याचा दूरचा भाऊबंद निघाला. पण शरीराला दोघांचा चेहरा सारखाच वाटतो. पुढे डॉ. एम. जी. देव यांनी तो गॅमा किरणांनी मारून लस केली. तामिळनाडूत लाखाहून अधिक लोकांवर अनेक लसींची तुलना झाली, तीत परळच्या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. त्या तुलनेतल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी हा एक. मेलेला जिवाणू जागा धरत नाही, तो शरीराला शत्रूची ओळख पटवून देतो. म्हणून त्याला औषधापेक्षा लस म्हणणंच रास्त. ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. बहुऔषध उपचाराने रुग्णसंख्या इतकी उतरली की लशीची निकड संपली, हे कारण समजण्यासारखं आहे. तरी चाचणीत उतरलेला जिवाणू कपाटात आणि ज्याची कुणी नीट परीक्षा घेतली नाही तो काउंटरवर, हे मला खटकतंच.

यावर लोक म्हणतात, कुपीने फायदा नसेल, निदान अपाय तरी काय? आधी फायद्याचं पाहू. जुलाब झालेल्या ९७१ मुलांवर अमेरिकेत लॅक्टोबॅसिलसची एक नावाजलेली जात वापरून पाहिली. २०१८मध्ये निकाल आला, खोट्या औषधाहून काडीचाही फरक नाही. आणि अपाय होऊ शकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जिवाणू देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली इशारा दिला, तो एका बाळाच्या मृत्यूनंतर. दुसरा युक्तिवाद दह्याचा. प्लेगची लस काढणारे हाफकिन ज्यांचे विद्यार्थी, त्या मेच्निकॉफ यांनी आंबवलेल्या दुधातल्या जिवाणूंची दीर्घायुष्याशी गाठ घातली. दहीभात आपल्याला आधीच ठाऊक होता, हा भाग वेगळा. दही खावं, जरूर खावं. पण त्यातला जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाही, आणि वाटीभर दह्यात कोण किती आहेत हे कुणी मोजलेलं नसतं. मात्र अँटिबायोटिकमुळे होणारे लहान मुलांचे जुलाब काही जाती योग्य प्रमाणात दिल्या तर निम्म्याहून कमी होतात, असं चाचण्यांचा एकत्र हिशेब सांगतो. म्हणजे सरसकट ‘हो’ही खोटं आणि सरसकट ‘नाही’ही.

पुढच्या वेळी कुपी हातात आली की बारीक अक्षरांत छापलेलं जिवाणूचं पूर्ण नाव वाचा, जातीच्या खुणेसकट. डॉक्टरांना विचारा, ही जात कुठल्या आजारावर तपासली आहे. खूण छापलेलीच नसेल, तर ती कुपी परत द्या.