बरणीतली दरी

आमच्या वाईकडे पूर्वी ‘फॉरेस्टचा माणूस आला’ अशी कुजबुज झाली, की मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया वाट बदलीत. त्यामुळे वनखात्याचा माणूस म्हणजे अडवणारा, ही खूणगाठ माझ्या मनात लहानपणीच पक्की बसली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचे रेंजरही प्रसंगी अडवतातच. पण आल्यागेल्याला डोंगर समजावून सांगणे हा तिथे अनेक रेंजरांच्या नोकरीचाच भाग. आणि आता उद्यान न सोडता हे रेंजर शाळेतही जातात. वर्गाच्या बाईंनी आधी दिवस ठरवायचा, की त्या वेळी पडद्यावर रेंजर हजर! ते बोलतात, मुलांना विचारतात आणि मुलांचे प्रश्न झेलतात.

२०२१ च्या फेब्रुवारीत मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. साथीमुळे नातीची शाळा घरातच भरत होती, म्हणून चौथीचा असा एक तास मला जेवणाच्या टेबलाशी बसून, मटार सोलता सोलता पाहता आला. एरवी वर्गात मला कोण घेणार?

खरे सांगायचे तर माझ्या मनात अढी होती. मी ३४ वर्षे भूगोल शिकवला. नदी शिकवायची तर पोरांना कृष्णेच्या घाटावर न्यायचे. एखाद्याची चप्पल वाहून जायची, दोघे ओले होऊन घरी मार खायचे, पण प्रवाह म्हणजे काय ते जन्मभर विसरायचे नाहीत. पडद्यावरचा निसर्ग म्हणजे चित्रातला लाडू, अशी माझी समजूत.

पडद्यावर आल्या त्या एक तरुण रेंजरबाई. डोक्यावर रुंद, सपाट काठाची टोपी. ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनहून त्या बोलत होत्या. आमच्याकडे अकरा वाजले होते, त्यांच्याकडे नऊ. त्या काही दरीच्या काठावर उभ्या नव्हत्या. एका खोलीत होत्या आणि मागे दरीचे मोठे चित्र होते. (एवढे तर माझ्या वर्गातही होते!) पण त्यांनी एक दगड उचलून कॅमेऱ्यापाशी आणला, ‘यात काय दिसते?’ असे विचारले, आणि त्या गप्प राहिल्या. प्रश्न विचारून गप्प राहणे फार थोड्या शिक्षकांना साधते. माझी अढी तिथेच निम्मी सुटली.

दगडात शिंपला होता. दोन हजार मीटरांहून उंच अशा त्या काठावरचा चुनखडक २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचला होता! मग बाई मुलांना थराथराने खाली घेऊन निघाल्या. वाटेत खारी भेटल्या. त्यांना खाऊ देऊ नका, त्या चावतात, अशी ताकीदही मिळाली. (सेतू बांधणाऱ्या खारीच्या गोतात अशा निघाव्यात!) दीडएक किलोमीटर खाली, कोलोरॅडो नदीपाशी, काळपट चमकदार खडक दिसला. वय सुमारे १७५ कोटी वर्षे. नाव ‘विष्णू शिस्ट’.

नातीने हात वर केला. “विष्णू तर आमचा देव आहे. तो तिथे कसा?”

बाई हसल्या. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला इथले सुळके मंदिरांसारखे दिसले. त्याने त्यांना विष्णू, शिव अशी नावे दिली, आणि पुढे विष्णूचे नाव तळच्या खडकालाही मिळाले, असे त्यांनी सांगितले. “पण विष्णू कोण, ते तुझ्या घरातलेच कोणी माझ्यापेक्षा चांगले सांगेल.”

नात माझ्याकडे वळली. माझे मराठी तिला निम्मेच कळे, आणि तिचे इंग्रजी माझ्या कानावरून निसटून जाई. तरी मी मटार बाजूला सारून शेषशायी सांगितला आणि तिने तो वर्गाला तिच्या भाषेत सांगितला. शेषाचे तिने काय केले देव जाणे. पण पडद्यावरची वीस डोकी एकदम पुढे वाकलेली मी पाहिली.

डटनसाहेबाची कल्पना मोठी गोड, पण बारशाला घरच्यांना कोणी विचारले नव्हते. हवासुपाई लोक त्या दरीत आजही राहतात. त्यांचे पूर्वज जिथे शेती करीत, त्या जागेला ‘इंडियन गार्डन’ म्हणत. तिला ‘हवासुपाई गार्डन्स’ हे नाव मिळायला २०२२ साल उजाडावे लागले.

गृहपाठ होता घरातल्या वस्तूंनी बरणीत दरी भरण्याचा. मग काय विचारता! लेकीचे सगळे डबे खाली उतरले. तळाला उडीद, म्हणजे विष्णू. तांबड्या कड्याला मसूर. एका थरात जुन्या वाळवंटाच्या टेकड्या गोठल्या आहेत, तिथे रवा. वर ज्वारीचे पीठ. अडले ते एकाच ठिकाणी. विष्णू आणि त्याच्यावरचा वालुकाश्म यांच्यामध्ये कित्येक ठिकाणी १२० कोटी वर्षांचे थर झिजून गेले आहेत. पोथीची मधली पानेच नाहीत. नसलेले बरणीत भरायचे कसे? मी म्हटले, कागदाची चकती घाल. ती म्हणाली, “नको आजी, कागद म्हणजे काहीतरी आहेच ना!” शेवटी तिने काचेवर बाहेरून पेन्सिलीने एक रेघ ओढली. ३४ वर्षांत मला हे सुचले नसते.

डिसेंबरात मी वाईला परतले. पुढच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला; तिच्याकडे सकाळ. “आजी, आपल्या वाईत खाली कोण आहे?” मी रिक्षा केली आणि पसरणी घाटात जाऊन रस्त्याच्या कापावर फोन धरला. काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. विष्णूपुढे तो अगदीच कुकुले बाळ! त्याच्यावर मातीची तांबडी पट्टी, आणि तिच्यावर पुन्हा लाव्हा. एक लाव्हा निवला, त्याच्यावर माती झाली, आणि मग दुसरा आला, असे मी तिला सांगितले. ‘काय दिसते?’ असे विचारून मीही थोडी गप्प राहिले.

“आजी, रेड लाईन! तिला हात लाव ना. गरम आहे?”

मी हात लावला. ऊन कलले होते, पण माती अजून कोमट होती. रिक्षावाला खाली उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, रोज इथनं जातो. ही पट्टी कधी बघितलीच न्हाई.”